घाटात मागचं चाक डावीकडे का घासतं?

प्रश्न : दादा, मी साताऱ्यात गोडोलीला राहते. वय 42. दोन वर्षांपूर्वी ओळखीतून एक जुनी एमटीबी (माउंटन बाइक) घेतली आणि दर रविवारी पहाटे समर्थ मंदिरावरून यवतेश्वरपर्यंत जाऊन येते. गेल्या महिन्यात मागचं चाक पंक्चर झालं. दुकानात नेली तर त्यांनी पंक्चर काढलं आणि बेरिंग कोरडं झालंय म्हणून हब (चाकाचा मधला भाग) खोलून ग्रीसही भरून दिलं. तेव्हापासून घाटात उभं राहून पायडल मारलं की मागचा टायर फ्रेमच्या डाव्या दांडीला घासतो. चाक आवळायचा खटका (क्विक रिलीज) उघडून चाक सरळ करते, परत लावते, सपाटीवर काही होत नाही, आणि पुढच्या चढाला पुन्हा तेच. दुकानदार म्हणाले, रिम आऊट आहे, म्हणजे वाकडी झालीय. आऊट काढून घेतला, फरक नाही. खटका इतका आवळते की तळहात दुखतो. घरचे म्हणतात, जुनी सायकल आहे, टाकून दे. मला ती टाकायची नाही. आणि दर वेळी चाक बसवायला कुणाला तरी हाक मारायची, हेही नको आहे. सोबत तीन फोटो पाठवते आहे. मुलाच्या सायकलला खटका नाही, नट आहेत. त्याचंही चाक कसं बसवायचं ते सांगाल का?

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमची सायकल अजिबात गेलेली नाही. रिमही आऊट नव्हती. रिम आऊट असली की घासण्याला ताल असतो. चाकाच्या एका फेरीत एकदा, त्याच जागी, घस्... घस्... घस्. सपाटीवर, उतारावर, सगळीकडे. तुमचा टायर एकदा घासायला लागला की सलग घासतो आणि त्याची सुरुवात चढाला उभं राहिल्यावरच होते. म्हणजे चाक वाकडं नाही. चाक जागेवरून सरकतंय.

ते का सरकतं हे आधी सांगतो, कारण कारण कळलं की बाकीचं सगळं तुम्ही स्वतः कराल.

चेन फक्त उजव्या बाजूला असते. पायडलवर जोर दिला की चेन मागच्या एक्सलचं, म्हणजे चाकाच्या आसाचं, उजवं टोक पुढे ओढते. डाव्या टोकाला असं ओढणारं काही नाही. एक्सल घट्ट धरलेला नसेल तर फ्रेमच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे उजवं टोक जरासं पुढे येतं आणि चाकाचं तोंड डावीकडे वळतं. म्हणून टायर डाव्या दांडीला लागतो, कायम डाव्याच. उजवीकडे घासत असता तर मी दुसरं काही शोधलं असतं.

आणि घाटातच का? तर चढाला तुम्ही पुढची सगळ्यात लहान चकती वापरता. ती 24 दात्यांची असावी असं फोटोवरून दिसतं. चेनच्या एका कडीची लांबी 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. त्या हिशोबाने 24 दात्यांच्या चकतीची त्रिज्या साधारण साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर येते. क्रँक, म्हणजे पायडल जोडलेला दांडा, बहुतेक सायकलींना 170 मिलिमीटरचा असतो. म्हणजे पायाचा जोर चेनवर साडेतीन पटीने पडतो. उभं राहून तुम्ही पायडलवर साठ किलोचा भार टाकलात तर चेनवर सुमारे दोनशे दहा किलोची ओढ येते. राजपथावर मोठ्या चकतीवर आरामात जाताना याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकीच ओढ असते. म्हणून गावात सायकल साळसूद वागते आणि घाटात तक्रार करते.

आता ही दोनशे किलोची ओढ कोण धरून ठेवतं? खटक्याची ती बारीक सळई? नाही. ती जेमतेम 5 मिलिमीटर जाडीची आहे आणि पोकळ एक्सलमधून आरपार जाते, एवढंच. चाकाला धरून ठेवते ती फ्रेमच्या खाचेवर दोन्ही बाजूंनी बसलेली पकड. आतून हबचा लॉकनट, बाहेरून खटक्याचा नट, आणि मध्ये चिमटीत सापडल्यासारखा खाचेचा पत्रा. या नटांच्या तोंडावर बारीक दाते असतात. ते पत्र्यात रुततात. सगळा खेळ त्या रुतण्याचा आहे.

आता तुमचे फोटो. पहिला फोटो मी मोठा करून पाहिला. खटका काढलेला आहे, चाक खाचेत आहे, आणि गिअरच्या बाजूला खाचेच्या पत्र्याच्या बाहेर एक्सलचं टोक चकाकतंय. बारीक आहे, मिलिमीटरभर असेल, पण बाहेर आहे. दुसऱ्या फोटोत डावी खाच आहे. तिथे काळ्या रंगावर दात्यांच्या खुणांचं गोल कडं स्पष्ट उमटलंय, आतला पांढरा धातू दिसतोय. तिसऱ्या फोटोत उजव्या खाचेवरचा रंग मात्र नव्यासारखा आहे. फक्त मधूनच पुढच्या बाजूला एक ओरखडा. तो ओरखडा म्हणजे सरकण्याची खूण.

झालं असं. खटक्याच्या हबमध्ये एक्सल हा दोन्ही बाजूंना खाचेच्या आतच संपायला हवा. तुमच्या सायकलचं हब 135 मिलिमीटर रुंदीचं आहे. त्यातला पोकळ एक्सल साधारण 146 मिलिमीटर लांब असतो. म्हणजे हबच्या बाहेर एकूण 11 मिलिमीटर, प्रत्येक बाजूला साडेपाच. खाचेचा पत्रा सहा-सात मिलिमीटर जाड, म्हणजे टोक पत्र्याच्या आत राहतं आणि बाहेरचा नट निवांतपणे पत्र्यावर बसतो. तुमच्या हबला ग्रीस भरताना एक्सल बाहेर काढला गेला आणि परत घालताना तो मध्यावर आला नाही. उजवीकडे आठ मिलिमीटर, डावीकडे तीन, असं काहीसं झालं. आता उजवा नट पत्र्यावर बसण्याआधी एक्सलच्या टोकावर जाऊन टेकतो. तुम्ही खटका कितीही आवळा, तळहात सोलून निघेल इतका आवळा, तो सगळा जोर एक्सल दाबण्यात जातो. पत्रा मोकळाच राहतो.

म्हणून जोर कमी पडतोय म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तुमच्या हाताचा यात काही संबंध नाही.

दुकानदाराचीही बाजू सांगतो, कारण त्यांच्याशी तुम्हाला पुन्हा बोलायचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना नटचा एक्सल असतो. त्याचे आटे दोन्हीकडे खाचेच्या बाहेर भरपूर आलेलेच असतात, त्यावरच नट बसतो. तिथे एक्सल दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर काहीही बिघडत नाही. रोज तीस-चाळीस अशा सायकली हाताखालून जाणाऱ्या माणसाच्या हाताला ती सवय लागते. खटक्याच्या हबला तीच चूक महागात पडते, एवढंच.

याची खात्री घरी करता येते. खटका पूर्ण काढा. चाक खाचेत नीट वर सरकवून ठेवा. मग उजव्या बाजूला अंगठ्याचं नख खाचेच्या पत्र्यावरून एक्सलच्या टोकाकडे फिरवा. नख खाली पायरी उतरल्यासारखं आत पडलं तर एक्सल आत आहे, ठीक. नख अडलं, वर चढावं लागलं, तर एक्सल बाहेर आहे. डावीकडेही हेच करा. तुमच्या डाव्या बाजूला नख चांगलं खोल पडेल, बघा.

दुकानात गेल्यावर "चाक घासतंय" असं सांगू नका. ते पुन्हा आऊट काढायला घेतील आणि ठीक असलेले आरे उगाच आवळले जातील. असं सांगा : "हबचा एक्सल गिअरच्या बाजूला जास्त बाहेर आलाय. तो डावीकडे सरकवून दोन्ही बाजूंना सारखा करा. वायसर आणि स्पेसर आहेत त्याच क्रमाने ठेवा." हे शेवटचं वाक्य विसरू नका. स्पेसरची अदलाबदल झाली तर चाक कायमचं एका बाजूला बसेल आणि मग खरोखरच आऊट काढल्यासारखं करत बसावं लागेल. कोन, म्हणजे बेरिंगच्या छर्‍यांना धरणारे शंकूसारखे नट, सोडायला पातळ पाने लागतात, ते घरी नसतात, म्हणून हे काम दुकानातच करून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. कोन आवळताना एक गोष्ट जरूर सांगा. चाक हातात असताना एक्सलला अगदी केसभर खेळ, म्हणजे सैलपणा, राहू द्यायचा. खटका आवळला की एक्सल किंचित दाबला जातो आणि तो खेळ संपतो. हातात असतानाच खेळ शून्य केला तर खटका लावल्यावर बेरिंग जखडतं, छर्रे आणि कोन लवकर खराब होतात.

एक्सलचं टोक कानशीने घासून कमी करतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. उजवं टोक आत जाईल, पण डावीकडे तीनच मिलिमीटर खाचेत राहतंय ते तसंच राहील. सरकवणं हेच खरं काम आहे.

हे झाल्यावर चाक बसवणं तुमच्या हातात. पहिल्या चार वेळा वीस मिनिटं लागतील, मग पाच.

काढताना आधी मागचा गिअर सगळ्यात लहान चकतीवर आणा. पुढचाही लहानावर, म्हणजे चेन सैल पडते. खटका उघडा, समोरचा नट तीन-चार आटे सैल करा. सायकलच्या मागे उभ्या राहा, उजव्या हाताने डिरेलर (चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) धरून मागे ओढा, डाव्या हाताने सीट उचला. चाक खाली पडतं. नुकतीच घाट उतरून आला असाल तर ब्रेकच्या डिस्कला हात लावू नका. यवतेश्वरचा उतार पूर्ण ब्रेक दाबत उतरलं की डिस्क बोट भाजेल इतकी तापते. आणि थंड असली तरी तिला ग्रीसचा हात लागू देऊ नका, पॅड तेल पितात आणि ब्रेक कायमचा चिरकतो. तुमचा ब्रेक वायरचा आहे. पुढेमागे तेलाचा ब्रेक असलेली सायकल घेतलीत तर चाक बाहेर असताना ब्रेक चुकूनही दाबायचा नाही. पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क आत जाईना होते. चाक काढून ठेवायचं असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा जाड तुकडा घालून ठेवतात.

पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवायला विसरू नका. बाभळीचा काटा बाहेरून तुटतो आणि टोक आत राहतं, मग नवी ट्यूबही त्याच दिवशी जाते. टायरच्या बाजूला बाण असतो, तो चाक पुढे फिरण्याच्या दिशेला आहे ना, तेही तेव्हाच बघून घ्या.

आता बसवणं. सायकल उलटी करून सीट-हँडलवर उभी करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तीही चालते, पण मी तुम्हाला सरळ उभ्या सायकलवरच शिकायला सांगेन. उलट्या सायकलमध्ये चाक खाचेत जातं ते फक्त स्वतःच्या वजनाने. सरळ सायकलमध्ये फ्रेमचं वजन एक्सलवर येतं आणि वरून तुम्ही सीटवर हात दाबून आणखी भार देऊ शकता. चाक खाचेच्या तळाशी जाऊन टेकायला तो भार फार उपयोगी पडतो.

डिरेलर मागे ओढून धरा. चेनचा एक वेढा तयार होतो, वरचा पदर आणि खालचा पदर. चाकाची चकत्यांची थप्पी त्या दोन पदरांच्या मधून आत जाऊ द्या आणि वरचा पदर सगळ्यात लहान चकतीवर बसवा. दुसऱ्या कुठल्याही नाही, लहानावरच. गिअर तिथे आहे, डिरेलर तिथे उभा आहे, म्हणून चेनही तिथेच. त्याच वेळी डावीकडे डिस्क दोन पॅडच्या मधल्या फटीत जायला हवी. पहिल्यांदा करताना डोळा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, आणि दोन हात अपुरे पडतात. सीट पोटाला टेकवा, त्यामुळे एक हात मोकळा होतो. जोर लावू नका. नीट जुळलं की चाक आपोआप वर सरकतं. अडलं तर जवळजवळ नेहमीच चेनचा पदर एक्सलखाली अडकलेला असतो किंवा डिस्क पॅडच्या कडेला टेकलेली असते.

एक्सल खाचेत गेला की सीटवर दोन्ही तळहात ठेवून सगळा भार टाका. खटका अजून उघडाच आहे. एक "टक" ऐकू येतो, कधी येत नाही, पण दोन्ही टोकं तळाला लागतात. तुमच्या खाचा सरळ खाली उघडणाऱ्या नाहीत, थोड्या पुढे झुकलेल्या आहेत. म्हणून भार दिल्यावर टायर हाताने मागे ओढूनही धरा, दोन्ही टोकं खाचेच्या मागच्या कडेला लागेपर्यंत. मग मागे उभं राहून बघा. टायर आणि दोन्ही दांड्या यांच्यात सारखं अंतर हवं. माझं माप बोटाचं आहे. डावीकडे करंगळी जाते तितकीच उजवीकडे जायला हवी.

हे सगळं खटका उघडा असताना. मी हे पुन्हा सांगतो कारण चाक बसवताना होणाऱ्या चुकांतल्या निम्म्या इथे होतात. लोक खटका बंद करतात, मग चाक वाकडं दिसतं, मग टायरला गुडघ्याने धक्का देऊन सरळ करतात. धक्का देऊन सरकलं म्हणजे पकड नव्हतीच.

आता खटका. हा स्क्रू नाही. माझ्या पुतण्याने पहिली गिअरची सायकल घेतली तेव्हा तो खटका चावीसारखा गोल गोल फिरवून आवळायचा. दिसायला घट्ट. सज्जनगडच्या चढाला, गजवडी सोडल्यावर त्याने जोरात पायडल मारलं आणि मागचं चाक तिरकं होऊन दांडीत रुतलं. सायकल जागच्या जागी थांबली आणि तो हँडलवर आदळला. हनुवटीला तीन टाके पडले. मी त्याच्याबरोबर होतो, निघताना त्याचा खटका बघितला नव्हता, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून कुणाच्याही मागे सायकल चालवताना माझी नजर आधी त्याच्या मागच्या खटक्यावर जाते.

खटक्याच्या आत एक लंबगोल कॅम असतो. दांडा अर्धवर्तुळात फिरला की तो कॅम सळई ओढून धरतो. ही युक्ती 1930च्या दशकात इटलीतल्या कँपाग्नोलोच्या कारखान्यातून जगभर पसरली आणि आजही तशीच आहे. ती वापरायची रीत अशी. दांडा पूर्ण उघडा धरा. दुसऱ्या हाताने समोरचा नट थोडा थोडा आवळत जा. दांडा बंद करून बघा. तो अर्ध्या वाटेवर, म्हणजे सळईच्या सरळ रेषेत बाहेरच्या दिशेला उभा असताना, विरोध सुरू व्हायला हवा. तिथून पुढे तळहाताने ढकलून बंद करावा लागला पाहिजे आणि बंद झाल्यावर तळहातावर दांड्याचा वळ काही क्षण दिसला पाहिजे. आरामात बंद होत असेल तर उघडा, नट अर्धा आटा आवळा, पुन्हा बंद करा. अर्ध्या वाटेच्या आधीच अडत असेल तर अर्धा आटा सैल करा. दांडा अर्धवट ठेवून फिरवायचा कधीच नाही.

सळईवर दोन छोट्या शंकूसारख्या स्प्रिंगा असतात. त्यांचं अरुंद तोंड आतल्या बाजूला, हबकडे. रुंद तोंड बाहेर. उलट्या बसल्या तर त्या खाच आणि नट यांच्यामध्ये चेपतात आणि पुन्हा पकड जाते. बारीक गोष्ट आहे, पण चाक काढताना सळई बाहेर आली की त्या कुठेतरी घरंगळतात आणि घाईत कशाही परत जातात.

बंद झालेला दांडा डावीकडे, मागे किंवा वर तोंड करून ठेवा. पुढे तोंड करून ठेवलात तर कासच्या वाटेवरची करवंदीची जाळी तो उघडू शकते. डिस्क आणि दांडा यांच्यात बोट जाईल इतकी जागा हवी. पुढच्या चाकाला तर ही काळजी जास्तच घ्या. उघडलेला दांडा डिस्कमध्ये अडकू शकतो म्हणून 2015 मध्ये अमेरिकेत लाखो सायकली दुरुस्तीसाठी परत बोलावल्या होत्या.

चाक बसलं की ब्रेक. डिस्क एका पॅडला टेकत असेल तर लगेच कॅलिपरला, म्हणजे पॅड धरणाऱ्या भागाला, हात लावू नका. खटका उघडा, सीटवर भार द्या, पुन्हा बंद करा. दहातल्या आठ वेळा तेवढ्याने डिस्क मध्ये येते, कारण चाकच पूर्ण बसलेलं नसतं. तरीही टेकली तर 5 नंबरच्या ॲलन कीने कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करा, ब्रेक दाबून धरा आणि बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा. चाक वाकडं असताना कॅलिपर जुळवला तर दोन चुका एकमेकींना झाकतात. पुढच्या पंक्चरला चाक बरोबर बसवलंत की ब्रेक बिघडल्यासारखा वाटतो, आणि माणूस हैराण होतो.

नंतर मागचं चाक उचलून टायरला वरून आणि बाजूने मुठीने दोन-चार ठोसे द्या. हललं तर पुन्हा पहिल्यापासून. हाताने पायडल फिरवत सगळे गिअर टाकून बघा. मोठ्या चकतीवर जाताना चेन आऱ्यांच्या दिशेला जायला बघत असेल तर सायकल चालवू नका. चाक नीट बसलेलं असूनही असं होत असेल तर डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर लटकतो तो आत वाकलाय. तो मुद्दाम मऊ धातूचा असतो, पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. चेन आऱ्यांत गेली तर डिरेलर, आरे आणि कधीकधी फ्रेमही जाते.

मग समर्थ मंदिरापासून पहिल्या वळणापर्यंत उभं राहून चढा. उतरा. करंगळी पुन्हा दोन्हीकडे घालून बघा. अंतर बदललं नसेल तर पुढे जा. हे पहिल्या दोन रविवारी करा, मग तुमचा तुम्हालाच विश्वास येईल.

तुमच्या खटक्याबद्दल एक सूचना. फोटोत त्याचा कॅम उघडा दिसतो, बाहेर प्लॅस्टिकच्या बैठकीवर घासणारा. हलका असतो पण त्याची पकड कमी आणि धूळ लगेच बसते. कासच्या जांभ्याची लाल माती पावसाळ्यात त्यात जाऊन बसली की दांडा जड फिरतो आणि आपल्याला वाटतं घट्ट लागला. झुकलेल्या खाचांच्या सायकलला कॅम आत झाकलेला, स्टीलच्या दात्यांचा खटका घ्या. मिळेपर्यंत आहे त्याच्या कॅमला दर महिन्याला तेलाचा एक थेंब द्या. खाचेच्या पत्र्यावर आणि नटच्या दात्यांवर मात्र तेल नको. तिथली माती कोरड्या फडक्याने पुसा.

मुलाच्या सायकलचं. तिला 15 नंबरचा पाना लागतो, घरात एक लांब दांड्याचा घेऊन ठेवा. चाक आत घालायची रीत तीच. फरक आवळण्यात आहे. एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं की पहिला नट आवळताना चाकाला आपल्याबरोबर फिरवतो आणि ते वाकडं बसतं. दोन्ही आधी बोटांनी, मग उजवा थोडा, डावा थोडा, पुन्हा उजवा. वायसर खाचेच्या बाहेर, नटच्या खाली. आणि त्या सायकलचा डिरेलर एका पट्टीवर असेल आणि ती पट्टी एक्सलच्या नटखालीच धरलेली असेल, तर नट काढल्यावर डिरेलर सुटून हातात येईल असं वाटेल. घाबरू नका. पट्टीत एक छोटा बोल्ट असतो, तो तिला खाचेत धरून ठेवतो. तो सोडायचा नाही, म्हणजे पट्टी जागेवर राहते. मुलाला शेजारी बसवून त्याच्याकडूनच करून घ्या. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हे सहज जमतं, फक्त शेवटचा आवळ तुम्ही द्या.

नवीन सायकल घ्यायची का, असं घरचे विचारतायत. आता चांगल्या एमटीबींना मागे 12 मिलिमीटरचा आरपार जाणारा जाड एक्सल येतो. तो खाचेत नाही, बंद भोकात जातो, त्यामुळे वाकडा बसायचा प्रश्नच राहत नाही. पुढे कधी घ्यायचीच झाली तर तो बघून घ्या. पण या घासण्यासाठी सायकल बदलायची काही गरज नाही. तुमची फ्रेम सरळ आहे, खाचा शाबूत आहेत, आणि चूक अडीच मिलिमीटरची आहे.

एक्सल सरकवून आणलात की खटका काढून दोन्ही टोकांचे फोटो जवळून, उजेडात काढून मला पाठवा. रविवारी घाट चढायच्या आधी पाठवलेत तर शनिवारी रात्रीच बघून कळवतो.